वाचता येण्याचा गुन्हा

'वन पीस' या जपानी मांगामध्ये, म्हणजे चित्रकथामालिकेत, सामर्थ्याचे प्रकार असंख्य आहेत. कोणी रबरासारखे ताणले जाते, कोणी स्वतःच वाळू होते, कोणी समुद्र गोठवते, कोणी तीन तलवारींनी एकाच वेळी लढते. एइचिरो ओदा यांनी जुलै १९९७ मध्ये एका साप्ताहिकातून सुरू केलेली ही चाचेगिरीची कथा आज शंभराहून अधिक खंडांपर्यंत पोहोचली आहे आणि तिच्यातल्या बहुतेक प्रश्नांचा निकाल अखेर मुठीने किंवा पात्याने लागतो. अशा या कथेत जागतिक सरकार ज्या स्त्रीला वीस वर्षे शोधत राहते, तिच्याकडेही एक अद्भुत शक्ती आहे. हाना-हाना नावाचे फळ खाल्ल्यामुळे निको रॉबिनला आपले हात, डोळे, कान हवे तिथे फुलासारखे उमलवता येतात. पण सरकार तिला भिते ते या हातांमुळे नाही. तिला एक जुनी लिपी वाचता येते, एवढाच तिचा गुन्हा आहे.

ती लिपी ज्या दगडांवर कोरलेली आहे त्यांना या कथेत पोनेग्लिफ म्हणतात. जगभर विखुरलेले हे सुमारे तीस शिलाखंड फुटत नाहीत, जळत नाहीत आणि झिजतही नाहीत. जागतिक सरकारची स्थापना आठशे वर्षांपूर्वी झाली आणि त्याआधीची शंभर वर्षे जगाच्या इतिहासातून पूर्णपणे गायब आहेत. त्या रिकाम्या शतकात काय घडले हे या दगडांत लिहिले आहे, म्हणून त्यांचा अभ्यास करणाऱ्याला मृत्युदंड आहे. ओदांच्या कल्पनेतला हा भाग मला त्यांच्या साऱ्या समुद्रराक्षसांपेक्षा आणि आकाशातल्या बेटांपेक्षा अधिक विलक्षण वाटतो. दगड नष्ट करता येत नाहीत हे सरकारला ठाऊक आहे, म्हणून ते आपला सारा भर वाचणाऱ्यांवर ठेवते. वाचणारे संपले की दगड आपोआप मुका होतो.

मी मोडी लिपी शिकले आहे आणि जुने कागद वाचण्याचे काम करते, त्यामुळे या सूत्राशी माझे नाते केवळ एका वाचकाचे राहिले नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात ज्या लिपीत जमिनीचे व्यवहार, पत्रे आणि निवाडे लिहिले जात होते, ती आज फार थोड्यांना वाचता येते. रुमालात बांधलेला कागद उलगडून समोर बसलेल्या माणसाचे डोळे आपल्या तोंडाकडे लागतात, तेव्हा अक्षर ओळखता येणे ही किती मोठी सत्ता आहे हे कळते. २०२३ मध्ये राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. एका शब्दाच्या वाचनावर एखाद्या घराचा हक्क ठरू शकतो हे त्या काळात पुष्कळांच्या प्रथमच ध्यानात आले असेल. आमच्यावर कोणी तोफा रोखत नाही, आणि रॉबिनच्या दुःखाशी आमच्या कामाची बरोबरी करण्याचा माझा हेतूही नाही. मात्र ज्याला वाचता येते त्याच्याविषयी सत्तेला वाटणारी अस्वस्थता ओदांनी अगदी आतून ओळखली आहे, असे मला या कामामुळे खात्रीने म्हणावेसे वाटते.

रॉबिनचा जन्म पश्चिमेकडच्या समुद्रातल्या ओहारा बेटावरचा. तिची आई ओल्विया पुरातत्त्वज्ञ होती. मुलगी दोन वर्षांची असताना तिला भावाच्या घरी ठेवून ती पोनेग्लिफच्या शोधात निघून गेली. मामीने त्या पोरीला घरकामाला जुंपले आणि गावातल्या मुलांनी तिच्या शक्तीमुळे तिला राक्षसीण ठरवून दगड मारले. तिला जवळ करणारे एकच ठिकाण होते. बेटाच्या मधोमध एक महाप्रचंड, हजारो वर्षे जुना वृक्ष होता आणि त्याच्या पोटात जगातल्या सर्वांत मोठ्या ग्रंथालयांपैकी एक वसलेले होते. तिथे प्रोफेसर क्लोव्हर आणि त्यांचे सहकारी काम करत. त्या विद्वानांच्या सहवासात वाढलेल्या रॉबिनने आठव्या वर्षी पुरातत्त्वज्ञाची परीक्षा उत्तम गुणांनी उत्तीर्ण केली आणि लगेच रिकाम्या शतकाच्या अभ्यासात आपल्यालाही घ्या असा हट्ट धरला. तिने तळघरातल्या दगडाची लिपी चोरून, भिंतीवर स्वतःचे डोळे उमलवून, आधीच शिकून घेतली होती. क्लोव्हर तिच्यावर रागावतात ते तिला वाचवण्यासाठी, हे आपल्याला दिसते. तिला मात्र एवढेच दिसते की आपल्या एकमेव घराचे शेवटचे दारही आपल्यासाठी बंद आहे.

त्यानंतर जे घडते ते ओदांनी अतिशय वेगाने सांगितले आहे. सरकारचे हेर बेटावर उतरतात. क्लोव्हर जागतिक सरकारच्या पाच वडीलधाऱ्यांसमोर आपला निष्कर्ष मांडतात: पूर्वी एक बलाढ्य राज्य होते; आपला पराभव जवळ आल्याचे त्याने ओळखले; शत्रू कागद जाळील हे जाणून आपले म्हणणे अभंग दगडावर कोरून ठेवले; आणि तो शत्रू म्हणजे आजचे जागतिक सरकार. त्या राज्याचे नाव त्यांच्या ओठांवर येते त्याच क्षणी त्यांना गोळी घालण्याचा हुकूम सुटतो. तर्क ऐकून घेतला जातो, नाव मात्र उच्चारू दिले जात नाही. या प्रसंगाची जागा ओदांनी किती अचूक निवडली आहे, याचे मला प्रत्येक वाचनात आश्चर्य वाटते, कारण नाव मिळाले की मृतांना पुन्हा माणसांचे रूप येते आणि मग त्यांच्याविषयी विचारपूस सुरू होते.

हुकूम निघतो त्याला बस्टर कॉल म्हणतात. दहा युद्धनौका, पाच उपनौदलप्रमुख आणि बेटावर जे काही असेल ते सगळे बेचिराख. वृक्ष पेटल्यावर विद्वान पळत नाहीत. ते खिडक्यांमधून पुस्तके खालच्या तळ्यात फेकू लागतात. दाढी पेटलेली, डोळ्यांत धूर, तरीही एकेक ग्रंथ पाण्यात. सामान्य नागरिकांना घेऊन निघालेले जहाज साकाझुकी नावाचा अधिकारी उडवून देतो, कारण त्यात एखादा विद्वान लपला असण्याची शक्यता असते. या धामधुमीत आई आणि मुलगी एकमेकींसमोर येतात. ओल्विया आधी ओळख नाकारते, कारण तिची मुलगी असणे हाच आता मृत्युदंड आहे. रॉबिन रडत विचारते की कधीतरी माझा हात धरून चालशील का. सारे जग उद्ध्वस्त होत असताना तिची मागणी एवढीच आहे, आणि तीही पुरी होत नाही. ओल्विया तिला क्षणभर पोटाशी धरते, जगण्यास सांगते आणि नौदल सोडून आलेल्या सॉल नावाच्या महाकाय माणसाच्या हाती सोपवून पुस्तकांकडे परत जाते. मुलीपेक्षा पुस्तके मोठी मानणारी आई, असे तिच्याविषयी म्हणणारे वाचक मला भेटले आहेत. मला ते पटत नाही. तिने मुलीला जिवंत बाहेर पाठवले आणि मुलीचे जगणे ज्याच्यासाठी धोक्यात आले होते ते वाचवायला ती मागे राहिली. या दोन कृतींमध्ये मला विरोध दिसत नाही.

सॉलला त्याचाच नौदलातला मित्र कुझान बर्फात गोठवतो. त्याआधी सॉल रॉबिनला सांगतो की समुद्र विशाल आहे, तिथे तुझे रक्षण करणारे सोबती एक दिवस भेटतील, कारण या जगात कोणीही अगदी एकटे राहण्यासाठी जन्माला येत नाही. संकटात हस, हेही तो शिकवतो, आणि स्वतःचे ते विचित्र 'देरेशिशिशि' हसून दाखवतो. कुझान तिला होडीत बसून जाऊ देतो. आठ वर्षांची मुलगी हुंदके देत, त्या हसण्याची नक्कल करत, जळत्या बेटापासून दूर जाते.

यानंतर तिच्या नावाने निघालेल्या इनामपत्राकडे मी सर्वाधिक वेळ पाहिले असेन. ७ कोटी ९० लाख बेरी, म्हणजे त्या जगातले चलन. आरोप असा की या मुलीने नौदलाच्या सहा युद्धनौका बुडवल्या. जहाजांवर तुटून पडला होता तो सॉल. रॉबिनने एका होडीलाही धक्का लावलेला नव्हता. ओहाराच्या विद्वानांविषयी जगाला सांगितले गेले की ते संहारक शस्त्रे पुन्हा जिवंत करू पाहणारे दानव होते. म्हणजे जी व्यक्ती खऱ्या इतिहासाच्या शोधात आयुष्य घालवणार आहे, तिच्या आयुष्याचा पहिला अधिकृत दस्तऐवजच खोटा आहे आणि त्यावर सरकारी मोहोर आहे. इतिहासाचे काम करणाऱ्या कोणालाही या कल्पनेने काटा येईल. उद्याचा अभ्यासक दप्तर उघडेल तेव्हा त्याला तेच पत्र सापडेल, छायाचित्रासह.

इथे जपानमधलीच एक गोष्ट आठवते. इतिहासकार साबुरो इएनागा यांनी आपल्या पाठ्यपुस्तकातला मजकूर शिक्षण मंत्रालयाने बदलायला लावला म्हणून १९६५ मध्ये सरकारविरुद्ध खटला भरला आणि त्यातून सुरू झालेली न्यायालयीन लढाई बत्तीस वर्षे चालली. शेवटच्या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट १९९७ मध्ये दिला. पाठ्यपुस्तकांची सरकारी तपासणी घटनाबाह्य नाही, पण माणसांवर प्रयोग करणाऱ्या जपानी लष्कराच्या ७३१ क्रमांकाच्या तुकडीचा उल्लेख काढायला लावणे बेकायदा होते, असे न्यायालयाने म्हटले. त्याच्या महिनाभर आधी 'वन पीस'चे पहिले प्रकरण छापले गेले होते. या दोन घटनांत मी कार्यकारणाचे नाते जोडत नाही. पण कोणती पाने मुलांनी वाचावीत यावर एक वृद्ध इतिहासकार आपल्याच सरकारशी तीन दशके भांडत असलेल्या देशात ही कथा लिहिली आणि वाचली गेली, हे मनात ठेवून ओहाराची पाने उलटली की ती पुस्तके फेकणारी माणसे मला केवळ काल्पनिक वाटत नाहीत.

पुढची वीस वर्षे ओदांनी थोडक्यात उरकली आहेत आणि ते योग्यच केले आहे. जिथे आसरा मिळाला तिथे कोणीतरी इनामासाठी खबर दिली, म्हणून दगा होण्याआधी स्वतः निघून जायला ती शिकली. आपण तिला प्रथम भेटतो तेव्हा ती अलाबास्ता या वाळवंटी राज्यावर डोळा ठेवून असलेल्या क्रोकोडाइलच्या गुन्हेगारी संघटनेची उपप्रमुख आहे, संथ हसणारी आणि कोणाच्याही मरणाने विचलित न होणारी. तिथल्या राजघराण्याच्या थडग्याखाली पोनेग्लिफ आहे. त्यावर प्लुटन या भयंकर शस्त्राची माहिती कोरलेली आहे आणि तीच क्रोकोडाइलला हवी आहे. रॉबिन दगडासमोर उभी राहते आणि अलाबास्ताच्या जुन्या राजवटींचा सनावळीवजा इतिहास वाचून दाखवते. त्या शिळेवर तसे काही लिहिलेलेच नसते. शस्त्राचा उल्लेख नाही हे ऐकून क्रोकोडाइल तिला निरुपयोगी ठरवतो आणि हाताच्या जागी बसवलेला धातूचा आकडा तिच्या अंगात खुपसतो.

जाणूनबुजून चुकीचे वाचणे हे आमच्या कामातले सर्वांत मोठे पाप मानले जाते. अक्षर लागत नसेल तर जागा रिकामी सोडावी, पण मनाचे घालू नये, हे मला पहिल्या दिवसापासून शिकवले गेले. आणि तरीही रॉबिनच्या त्या खोट्या वाचनापुढे माझी मान आदराने झुकते. ज्ञानासाठी ती वीस वर्षे वाईट माणसांच्या छायेत राहिली, पण शस्त्र त्यांच्या हाती पडू नये म्हणून तिने ज्ञानाशीच खोटे बोलण्याची किंमत मोजली. ओहाराच्या विद्वानांवर जो आरोप होता तो किती खोटा होता याचा याहून स्वच्छ पुरावा दुसरा नाही. अलाबास्ताचा राजा कोब्रा याला ती सांगते की माझ्या स्वप्नाला शत्रू फार आहेत. त्यानंतर ती कोसळणाऱ्या थडग्यात मरायला तयार होते, आणि तिला कथेचा नायक, तरुण चाचा लुफी उचलून बाहेर आणतो.

लुफीच्या जहाजावर ती स्वतःहून येते आणि काहीशा तक्रारीच्या सुरात सांगते की मला मरू दिले नाहीस हा तुझा अपराध आहे, मला जायला जागा नाही, तेव्हा मला ठेवून घे. लुफी क्षणात हो म्हणतो. भूतकाळात त्याला रस नसतो. तो कोणाचीच पूर्वपीठिका विचारत नाही. इतिहासासाठी जगणारी स्त्री अखेर ज्याच्यापाशी विसावते त्याला इतिहासाचा गंधही नाही, ही जोडी मला फार अर्थपूर्ण वाटते. ज्यांना तिच्याविषयी सगळे ठाऊक होते त्या सर्वांकडे एकच खोटा कागद होता, आणि त्याने तो कधी वाचलाच नाही.

एनिएस लॉबी या न मावळणाऱ्या दिवसाच्या बेटावर तिची कथा शिखराला पोहोचते. सोबत्यांवर बस्टर कॉल येऊ नये म्हणून तिने स्वतःला सरकारच्या हवाली केले आहे. तिला शत्रूची भीती उरलेली नाही. तिची भीती वेगळीच आहे आणि ती ऐकून मन हलते. आपले ओझे एक दिवस या माणसांनाही जड होईल, तेव्हा ती आपल्याला टाकतील, आणि ते पाहण्याआधी मेलेले बरे, असे तिला वाटते. लहान वयात नकोसे झालेले मूल मोठेपणी नेमके याच गोष्टीला भिते. त्या वेळी लुफी जगातल्या १७० हून अधिक राष्ट्रांचे प्रतीक असलेला जागतिक सरकारचा ध्वज जाळायला लावतो आणि तिच्याकडे एकच उत्तर मागतो. ती ओरडते, मला जगायचे आहे, मलाही तुमच्याबरोबर समुद्रावर न्या. २००६ मध्ये आलेल्या एकेचाळिसाव्या खंडातले ते पान मी अनेकांना दाखवले आहे. आजवर सुंदर आणि स्थिर रेखाटलेला तिचा चेहरा तिथे पूर्णपणे विस्कटलेला आहे. नाक वाहते आहे, तोंड वेडेवाकडे झाले आहे, ती पुन्हा आठ वर्षांची दिसते. आईने जगण्याची आज्ञा दिली होती आणि ती वीस वर्षे आज्ञेसारखीच पाळली गेली. इच्छा म्हणून ती प्रथम इथे उच्चारली जाते.

या पात्राविषयी माझी एक तक्रारही आहे आणि ती मी जिव्हाळ्यानेच मांडते. कथेत मध्येच घेतलेल्या दोन वर्षांच्या उडीनंतर ओदांनी स्त्रियांची शरीरे ज्या एकसाची, अतिरेकी वळणाने काढायला सुरुवात केली, त्यात रॉबिनच्या चेहऱ्यावरची प्रौढ, किंचित थकलेली बुद्धिमत्ता बरीच हरवली. अनेक प्रकरणांत ती नुसती गटात उभी असते. जिच्या वाचनावर सगळ्या कथेचा शेवट अवलंबून आहे, तिला याहून अधिक पाने मिळायला हवी होती.

जी पाने मिळाली ती मात्र भरीव आहेत. मत्स्यमानवांच्या बेटावर तिला एक पोनेग्लिफ सापडतो. ज्या दगडांमुळे सरकारने एक बेट जाळले, त्यांपैकी या एका दगडावर जॉयबॉय नावाच्या माणसाने त्या काळच्या मत्स्यराजकन्येला लिहिलेले क्षमापत्र आहे: दिलेला शब्द पाळता आला नाही, माफ कर. जुन्या कागदांत मलाही लढायांपेक्षा अशाच ओळी अधिक भेटल्या आहेत. कोणाचे तरी देणे राहिले, कोणाला तरी येता आले नाही. आणि त्याआधी, साबाओदी बेटावर, पूर्वीच्या चाचे-राजाचा सहकारी रेली तिला सगळे सांगायची तयारी दाखवतो. त्या शतकात काय घडले ते त्याला ठाऊक आहे. आम्ही आणि ओहाराच्या विद्वानांनी कदाचित घाई केली, जग पाहून तुझा निष्कर्ष वेगळाही निघू शकेल, असे तो म्हणतो, पण तरीही हवे असेल तर सांगतो. ज्या उत्तरासाठी आई मेली, गुरू मेले, गाव जळाले, ते उत्तर समोर बसलेले असताना रॉबिन नको म्हणते आणि प्रवास पुढे चालू ठेवते. ऐकीव निष्कर्ष आणि स्वतः वाचलेले मूळ यांतला फरक जिला कळतो तीच असे म्हणू शकते. तिच्या विद्वत्तेची खरी उंची मला त्या परीक्षेतल्या गुणांपेक्षा या नकारात दिसते.

अलीकडच्या प्रकरणांत ओदांनी ओहाराकडे परत वळून पाहिले आहे. त्या संहारानंतर शास्त्रज्ञ वेगापंक बेटावर गेला होता, तेव्हा तळ्यातली पुस्तके काढून नेणारे महाकाय लोक त्याला दिसले आणि त्यांत अंगभर पट्ट्या बांधलेला एक जण होता. विद्वानांनी फेकलेले ग्रंथ भिजले, पण वाचले. ते एल्बाफ या महाकायांच्या देशात नेले गेले आणि तिथे नवे ग्रंथालय उभे राहिले. एगहेड बेटावर रॉबिनला हे कळते. तो पट्ट्या बांधलेला माणूस सॉलच होता; सॉल जिवंत आहे. एल्बाफला पोहोचल्यावर ती त्याला भेटण्याआधी आपले लांब केस लहानपणासारखे कापून घेते, म्हणजे तो ओळखील.

त्या भेटीने मला रडवले हे मी सांगायला हवे. पण रडून झाल्यावर माझ्यातली कागद वाचणारी बाई जागी झाली. सहा युद्धनौकांचे सत्य ज्यांना ठाऊक आहे ते कुझान आणि साकाझुकी त्या दिवशी हल्ला करणाऱ्यांच्या बाजूला होते आणि इनामपत्र दुरुस्त करायला दोघांपैकी कोणीही पुढे आले नाही. सॉल हा रॉबिनच्या बाजूचा एकमेव प्रत्यक्ष साक्षीदार आहे, आणि ती जहाजे स्वतःच्या हातांनी उलथवणारा आहे. त्याच्याजवळ ओहाराची पुस्तकेही आहेत आणि ओहाराच्या शेवटच्या दिवसाची आठवणही. रॉबिनवरचे इनाम आता ९३ कोटी बेरी झाले आहे आणि त्याच्या पायाशी अजून तोच जुना आरोप आहे. कथा शेवटच्या टप्प्यात आली आहे. रिकाम्या शतकाचा उलगडा ओदा करतीलच, त्याची सारे जग वाट पाहत आहे. मी वाट पाहते आहे ती सॉलने जगासमोर उभे राहून त्या सहा जहाजांविषयी साक्ष द्यावी याची.